खुर्चीत कोण होतं

आमच्या चिंचवडच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर-मोबाइलमधला पुरावा तपासून रिपोर्ट देतात. एकाने लिहिलेला रिपोर्ट दुसऱ्याने वाचून सही केल्याशिवाय बाहेर जात नाही. आमच्यातली एक मुलगी लातूरची, माझ्या कितीतरी मागून नोकरीला लागलेली, तरी साहेब सगळ्यांना सांगायचे, "रिपोर्ट तिच्यासारखा लिहा, वकिलालाही कळतो." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यातून तिचे रिपोर्ट वाचायला यायचे माझ्याकडेच.

चाकणच्या एका कंपनीची केस आली. तिथल्या इंजिनिअरने म्हणे साच्यांची ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घालून बाहेर नेली. त्याला काढायचं जवळपास ठरलेलंच होतं. फक्त आमचा कागद हवा होता.

तिचा रिपोर्ट मी डोळ्यांत तेल घालून वाचला. चूक सापडावी म्हणून देव पाण्यात ठेवले होते. आणि सापडली! सगळीकडे 'या लॉगिनवरून फाइल कॉपी झाल्या' असं, पण निष्कर्षात मात्र 'त्याने कॉपी केल्या'. अहो, तिथे शिफ्ट बदलताना लॉगआउट करतो कोण? पहिल्या पाळीचा उठतो, दुसऱ्या पाळीचा त्याच लॉगिनवर बसतो. फाइल गेल्या होत्या त्याची पाळी संपल्यानंतर. मी लाल पेनाने गोल केला आणि कागद तिच्यादेखत साहेबांच्या टेबलावर ठेवला. "बरोबर हाय तुमचं," म्हणाली आणि वाक्य बदललं. चिडलीसुद्धा नाही.

कंपनीतल्या चौकशीला आम्ही दोघं गेलो. कंपनीचा वकील तिला फिरवून फिरवून विचारत होता, "म्हणजे यानेच केलं ना?"

"लॉगिन यांचं आहे. त्या वेळी खुर्चीत कोण होतं, ते यात दिसत नाही."

पुन्हापुन्हा तोच प्रश्न, पुन्हापुन्हा तेच उत्तर. शेवटी वकिलाने फाइल मिटली. बाहेर तो इंजिनिअर रडवेल्या तोंडाने हात जोडून उभा राहिला, तिच्यासमोर. चूक पकडली मी आणि नमस्कार तिला.

परतताना मोशीला गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. ती म्हणाली, "सर, ते वाक्य राहिलं असतं तर माणूस घरी बसला असता. म्हणून तर माझे रिपोर्ट तुमच्याकडंच द्या, असं मी साहेबांना सांगून ठेवलंय."

मी जरा फुललो. "एवढा विश्वास?"

"तसं नाही हो सर. तुमच्याइतकं जळून वाचणारं दुसरं कुणी नाही."