गौराक्काचा सुरा

पाच बायका आणि एक बोथट सुरा एका स्वयंपाकघरात आले, की किस्से शोधायला जावं लागत नाही. गेल्या श्रावणात तर इतके झाले, की पोथी वाचतानाही मला मधेच हसू फुटायचं. हसू नंतरचं हं! त्या त्या वेळी फक्त तोंडावर हात!

सोलापुरात आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात श्रावणी सोमवारचा प्रसाद आम्ही पाचजणी करतो. भाजी चिरायचा हातभर लांब सुरा गौराक्कांचा, आणि त्याला धार लावायच्या त्याही गौराक्काच. वळसंगच्या त्या. माघात त्यांचे यजमान, सगळ्या गल्लीचे अप्पा, गेले. अक्कांनी उंबरा ओलांडणं सोडलं. सुरा माझ्याकडे पाठवून दिला. "ठेव तुझ्यापाशी. मला काय करायचाय आता?"

पातं गंजलेलं, मूठ खिळखिळी. मी मनात धरलं, सुरा नीट झाला की अक्का येतील. त्या देवळात येईपर्यंत गोड सोडलं.

*

गंज काढायचा म्हणून सुरा चिंचेच्या कोळात बुडवून ठेवला. समई नाही का लखलखत! दुसऱ्या दिवशी काढला तर कोळशासारखा काळा, आणि अंगभर देवीचे वण!

रडवेली होऊन अक्कांकडे नेला. त्या बाजेवर पडल्या होत्या. एक डोळा उघडून म्हणाल्या, "सुमन, ह्यो सुरा हाय का तांब्या? लोखंड खाती की चिंच! विटंची पूड घे, तेल घे, आन् घास."

आणि भिंतीकडे तोंड केलं. पण सहा महिन्यांत त्या पहिल्यांदाच इतकं बोलल्या होत्या!

*

गंज निघाला, आता धार. आमच्यातली लक्ष्मी तेलुगू विणकरांच्या घरातली. तिच्या यजमानांच्या कारखान्यात ग्राइंडर आहे. लक्ष्मीनं मोबाइलवर व्हिडिओ बघितला आणि सुरा चाकावर असा दाबून धरला, की ठिणग्यांची दिवाळी! थोड्या वेळानं टोक निळं झालं. अगदी मोरपिसासारखं.

"वैनी, चूडू, चूडू! बघा की, कृष्णाचा रंग!" लक्ष्मी आनंदानं ओरडली. खोटं कशाला सांगू, मी त्याला कुंकू लावलं.

तो चमत्कार अक्कांना दाखवायला नेला, तर त्या बाजेवर उठूनच बसल्या. "अय्यो! पाणी उतरवलंत की गं त्याचं!"

पोलाद तापून निळं झालं की मऊ पडतं, तिथं धार टिकत नाही. तेवढं टोक ओल्या दगडावर दमानं घासून काढायचं. "पात्याखाली करंगळी शिरंल एवढंच तिरपं धर. आन् ढकल अशी, जनू दगडाचा पापुद्रा काढतीयास!"

*

आता ओला दगड कुठला? देवळात होता की! गुळगुळीत, गोल, पाणी धरणारा. मी आणि लक्ष्मीनं तासभर घासलं. धार आली!

दुसऱ्या दिवशी पूजेला गेले तर पिंडीवर राखाडी गंध. पुजारीकाका बोटं हुंगत म्हणाले, "आज चंदनाला लोखंडाचा वास कसा काय?"

गंधाची सहाण होती ती! काकांपुढे कबूल केलं, सहाण दहा वेळा धुतली, दोन दिवस निर्जळी उपास केला. अक्कांना सांगितलं तेव्हा त्या खोकल्यासारखा आवाज काढायला लागल्या. मी घाबरून पाणी आणलं. त्या हसत होत्या!

*

राहिली मूठ. लक्ष्मीनं डिंक भरून बसवली. वाळल्यावर देवळाच्या स्वयंपाकघरात कोबीवर घाव घातला तर पातं कोबीत, मूठ हातात! नुसती मूठ बघून ती किंचाळली ती थेट रस्त्यापर्यंत.

"मेलीस का गं?" दारातून आवाज आला. बघते तर गौराक्का! डोक्यावर पदर, हातात लाखेचा खडा.

"डिंकानं पतंग चिकटवत्यात. चूल पेटवा."

मुठीच्या भोकात लाखेचा चुरा भरला, पात्याचं मागचं टोक लाल तापवून आत दाबलं. धूर, वास, आणि मूठ घट्ट! मी कोपऱ्यात जाऊन गुळाचा खडा तोंडात टाकला.

*

शेवटच्या सोमवारी भाजी भोपळ्याची होती. अख्खा भोपळा बाईनं फोडायचा नसतो, पहिला घाव पुरुषाचा. तो मान दरवर्षी अप्पांचा. भोपळा घेऊन ते कोठीत जायचे, धरायला म्हणून अक्का मागोमाग. अप्पा दार लावायचे. "बायकांनी बघू नये," म्हणायचे. दोन फाकी बाहेर आल्या की आम्ही नमस्कार करायचो.

यंदा अक्कांच्या मुलाला बोलावलं. त्यानं सुरा उचलला, आणि अप्पांच्या आठवणीनं तसाच भोपळ्यावर टेकवून धरला. "अव्वा, मला न्हाय जमत गं."

अक्कांनी त्याच्या हातातून सुरा घेतला. नखावर धार बघितली. भोपळा पुढ्यात ओढला आणि आमच्यादेखत, दार सताड उघडं असताना, एका घावात दोन तुकडे!

लक्ष्मीच्या हातातलं ताट पडलं. मी कानांवर हात ठेवले. "अहो अक्का, बाईनं पहिला घाव! अप्पा असते तर काय म्हणाले असते?"

अक्का बिया काढता काढता म्हणाल्या, "ते? ते कोठीत डोळं मिटून बसायचे की. भोपळा फुटताना त्यास्नी बघवायचं न्हाय."