तांबड्या शाईतले कोमल स्वर

लिहिण्याचा अधिकार नसताना लिहीत आहे, याची मला जाणीव आहे. वाचकांनी क्षमा करावी. उतारवयात प्रथमच लेखणी धरणाऱ्याने निदान काही चांगले सांगावे. मला मात्र माझी एक चूक सांगायची आहे.

महायुद्धामुळे कागद दुर्मिळ झाला होता, त्या काळी मी खालापूरच्या शाळेत चित्रकला शिकवीत असे. कर्जतचे एक गायनमास्तर संगीताचे छोटे मासिक काढीत. त्यांच्या दिवंगत गुरूंची एक चीज आता त्यांच्याखेरीज कोणालाच येत नव्हती. ती त्यांना स्वरलिपीसह छापायची होती. पानांची मांडणी त्यांनी माझ्याकडे सोपवली.

स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात. त्या रेघांसाठी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालाव्या लागत आणि चीज चार पाने खाई. छापखान्याच्या टेबलावर मी मास्तरांपुढे दोन नमुने शेजारीशेजारी ठेवले. एक सगळा काळा, बांध घातलेल्या खाचरांसारखा रेघांनी भरलेला. दुसऱ्यात रेघ नव्हतीच. कोमल स्वर तेवढे तांबड्या शाईत. तो दोन पानांत बसला, आणि फार देखणा दिसला.

खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्या जुळाऱ्याने मान हलवली. "गुरुजी, झ्याक दिसतंय. पन ही तांबडी पाव्हणी हाय, मुक्काम नाय करायची. कशेळ्याच्या बाजारातल्या तांबड्या जाहिराती बगा, उन्हानं म्हैन्यात फिक्या पडत्यात. काळी रेघ कुटं जात नाय."

मास्तर हसले. "अरे, हे ड्रॉइंगची परीक्षा पास झालेले आहेत. तू आपले खिळे जुळव."

माझी बाजू कोणी घ्यावी, असे आयुष्यात क्वचितच घडले होते. मी तांबडा नमुनाच पुढे सरकवला. अंक निघाला आणि मास्तरांच्या हस्तलिखिताने छापखान्यात शाई पुसली गेली. "छापलं ना, आता वही कशाला?" असे तेच म्हणाले होते.

दोन वर्षांनी मास्तर गेले. पुढे त्यांची कशेळ्याला दिलेली मुलगी अंक घेऊन शाळेत आली. शुद्ध स्वर जागच्या जागी होते. तांबडे कोमल तेवढे उडून गेले होते.

"काका, इथं रे आहे की ग? बाबा गायचे तेव्हा मी लहान होते हो."

मी कागद तिरपा धरला, बोटाने ठसा चाचपला. मागच्या पानाचे ठसे त्यात मिसळले होते. माझी प्रत तर मी कौतुकाने वर्गाच्या भिंतीवर, उन्हातच लावली होती.

"तुमच्याकडेही नाही?" ती म्हणाली. "मग मी गातच नाही. चुकीचा स्वर बाबांच्या नावावर नको."

तिने अंक पदरात गुंडाळला. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो.

आपल्या घरी, एखाद्या पेटीच्या तळाशी, उजेड न लागलेला तो अंक असेल का?