पुसेगावच्या शेतात उतरलेलं विमान

माझी बायको बिनइंजिनाचं विमान उडवते आणि ते जिथे उतरेल तिथून घरी आणणं हे माझं काम आहे. अशा विमानाला ग्लायडर म्हणतात. वर चढणारी गरम हवा मिळाली तर ते तरंगतं, हवा संपली की उतरतं. धावपट्टीवरच उतरेल असं नाही. मग मी जीपला लांबलचक ट्रेलर जोडून जातो, पंख सुटे करतो आणि भरून आणतो.

कुरुंद्याच्या माझ्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, एकच अट घातली. "एकदा जरी भलतीकडं उतरलीस, तर उडणं बंद."

वैशालीचा सगळा जीव त्या उडण्यात. म्हणून सासूबाईंची समजूत घालायला मीच बसलो. (जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा मी डोळे मिटून बसतो, ही गोष्ट वेगळी.)

"आन् खाली धरण आलं तर?"

"पाण्यातही उतरता येतं, आई. काठाजवळ, काठाला समांतर. थांबलं की पट्टे सोडायचे, डोक्यावरचं काचेचं झाकण उघडायचं, बाहेर यायचं. डोकं शांत ठेवलं की झालं."

"तुमी उतरलाव का कदी?"

मी विषय बदलला.

आणि नेमक्या सासूबाई आमच्याकडे वसमतला मुक्कामाला असताना वैशालीचा फोन आला. "अहो, हवा संपली. पुसेगावजवळ एका शेतात उतरले. मी बी बराबर, विमान बी बराबर. आईला सांगू नका."

फोन स्पीकरवर होता.

सासूबाई माझ्याआधी जीपमध्ये जाऊन बसल्या. बायकोचं उडणं संपलं, या विचाराने मला खरंच वाईट वाटत होतं.

शेतात पाहतो तर हरभरा काढलेल्या रानात विमान धडधाकट उभं, भोवती गाव गोळा झालेलं आणि वैशाली बाजेवर बसून चहा पीत होती. शेताचे मालक आबा चौकशी करत होते.

"पोरी, इंजिन कुठंय?"

"न्हाई, आबा."

"डिझेल?"

"ते बी न्हाई."

"मंग बिघडतंय काय?"

"काईच न्हाई."

आबांना हे मशीन फारच पसंत पडलं. त्यांच्या घरच्या बायकांनी वैशालीची ओटीही भरली होती. लेक आभाळातून आली म्हणून काय तिला रिकाम्या हाताने पाठवायचं? ते पाहून सासूबाईंचा चेहरा जरा सैलावला. त्या बाजेवर टेकल्या. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि ट्रेलर विमानाजवळ लावायला जीप मागे घेतली.

ट्रेलरचं एक असतं. मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो. मी डावीकडे फिरवलं, तो उजवीकडे निघाला. घाबरून मी आणखी फिरवलं. उजवीकडे आबांचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं होतं. आधी ट्रेलर तरंगत आत गेला, मागोमाग जीप आणि जीपमध्ये मी! पाणी सीटपर्यंत आलं. मी पट्टा आणखी घट्ट आवळला.

"अहो, पट्टा सोडा!" वैशाली काठावरून ओरडली. "काच खाली घ्या!"

"डोकं शांत ठिवा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "काठाला समांतर हाव का?"

खिडकीतून कसाबसा बाहेर पडलो, तर प्लास्टिकवर पाय ठरेना. एक पाऊल वर, दोन खाली. शेवटी वैशालीने दोर फेकला आणि आबांच्या ट्रॅक्टरने आधी मला, मग जीपला ओढून काढलं. (गावाचा कौल आधी जीपकडे होता.)

मी आबांच्या धोतरात कुडकुडत चहा पीत असताना सासूबाईंनी निकाल दिला.

"पोरगी बराबर उतरली. तिचं उडणं चालू राहू द्या." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यांचं चालवणं बंद."

ते अजून बंद आहे. जीप आता वैशालीचा भाऊ चालवतो. मी मागच्या सीटवर बसतो, काच खाली ठेवून.