जायफळाचे वळसे

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या निम्म्या लोकांची डोकी गोल आहेत ती बयाबाईच्या हातामुळे. उरलेल्या निम्म्यांनी आपली डोकी आरशात बघावीत आणि आईला जाब विचारावा, असं ती स्वतःच सांगते. चाळीस वर्षं झाली, ती बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालते. दोन्ही पाय लांब करून पाटावर बसायचं, पायांच्या खोबणीत बाळ निजवायचं, तेलानं रगडायचं, कढत पाणी ओतायचं आणि बाळ कितीही किंचाळलं तरी हात थांबवायचा नाही. न्हाणं झालं की धुरी, शेक आणि सगळ्यात शेवटी घुटी. सहाणेवर आईच्या दुधात हळकुंड, वेखंड, मुरडशेंग आणि जायफळ एकेक वळसा उगाळायचं आणि बोटानं चाटवायचं. हा तिचा रोजचा पाठ. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचा हा पाठ कधी चुकला नाही, निदान तिला तसं वाटत होतं.

संयोगिताचं घर तिच्या पाच घरांपैकी एक. बिद्री गावची ही पोरगी अवघी वीस वर्षांची, आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. नवरा विश्वजित तेवीसचा, मोबाईल दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात मोबाईलसमोर नाचायचा. सासू आक्का गुडघेदुखीनं जागेवर बसलेली. त्यामुळे बाळ कसं धरायचं इथपासून घुटी कशी उगाळायची इथपर्यंत सगळं संयोगिताला बयाबाईनंच शिकवलं. पोरगी तिला मावशी म्हणायची, आणि बयाबाईचा जीव त्या पोरीत इतर चार घरांपेक्षा जरा जास्तच गुंतला होता.

विश्वजितच्या नाचाला एकदाचं फळ आलं. ‘पाळणा नंबर एक’ नावाच्या टीव्हीवरच्या स्पर्धेत या जोडप्याची निवड झाली. पंचविशीच्या आतले आईबाप, त्यांच्या घरात चार दिवस कॅमेरे, आणि रोज एक खेळ. लेक तीन महिन्यांची झाली नव्हती तोवर दारात टीव्हीवाल्यांची गाडी उभी राहिली आणि पेठेला पावण्यांची कमी उरली नाही. शेवटच्या दिवसाचा खेळ असा होता, की बाळ पाळण्यात झोपलेलं असताना दारात हलगी वाजणार आणि नवरा-बायकोनं घरात नाचायचं. बाळ उठलं की जोडी बाद. हा खेळ कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. त्याचं डोकं बयाबाईनं रगडलेलं नव्हतं एवढं नक्की.

त्या दिवशी सकाळी सातला न्हाणं झाल्यावर संयोगिता हळूच म्हणाली, “मावशी, आज जरा ज्यास्त झोपू दे की ही.”

“बघतो मी काय ते,” बयाबाई म्हणाली आणि पाठमोरी होऊन तिनं सहाणेवर जायफळाचे एकाऐवजी तीन वळसे दिले. पोरगी जिंकावी असं तिला मनापासून वाटलं, दुसरं काही नाही. मग ती पुढच्या घराकडे गेली. खेळ दुपारी झाला, जोडी जिंकली, पेढे वाटले गेले.

तीन आठवड्यांनी तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा आक्काच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडली, पाळणा हलला नाही. “कोल्हापूरचं पोर हाय, हलगीला भितंय व्हय!” कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. बयाबाईही हसली. मग पडद्यावर विश्वजितनं लेकीला पाळण्यातून उचलून कॅमेऱ्यापुढे धरलं. बाळाचा हात ओल्या फडक्यासारखा खाली लोंबला, आणि मान मागे पडली. हलगी वाजतच होती. बयाबाईचं हसू तोंडातच राहिलं. आजूबाजूला लोक टाळ्या पिटत होते, म्हणून आपल्याला दिसलं ते खरं की त्यांना दिसलं ते, हेच तिला कळेना.

दोन दिवसांत ते सगळ्या महाराष्ट्राला दिसलं. विश्वजित मोबाईलवर लोकांची बोलणी वाचून दाखवायचा आणि मध्येच थांबायचा. पोराला गुंगीचं औषध दिलंय. असल्यांना आईबाप व्हायची घाई कशाला. आधी बाळ काढून घ्या यांच्याकडून. कुणीतरी मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर तक्रारही केली. टीव्हीवाल्यांनी तो भाग काढून टाकला आणि मग विश्वजितचा फोन उचलणंही बंद केलं. गुरुवारी बालसंरक्षणाच्या कार्यालयातून मॅडम येणार, असा निरोप आला.

बयाबाईच्या डोक्यात नुसता गोंधळ झाला. गुंगीचं औषध तिनं आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं. जायफळ म्हणजे जायफळ, श्रीखंडात घालतात ते. मग श्रीखंड खाऊन माणसं दुपारी आडवी होतात ती गुंगीच म्हणायची का? आणि घुटी वाईट, तर तिच्या हातची एवढी पोरं वाढली कशी? एक फौजदार झाला, एक शिक्षिका, एक तर पैलवान. या हिशेबानं तिला जरा धीर यायचा. मग आठवायचं, की काही पोरं फारच झोपायची. उठवलं तरी उठायची नाहीत. त्यांना आपण गुणी म्हणायचो.

सांगावं की गप्प बसावं? सांगितलं तर पाचही घरांची दारं बंद होणार, आणि चाळीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीत जाणार. नाही सांगितलं तर पोर आईच्या मांडीवरून जाणार. बयाबाई तीन दिवस नीट जेवली नाही.

गुरुवारी इरावती मॅडम आल्या. तिशीच्या, साध्या, कुणावर डोळे न वटारणाऱ्या. चटईवर बसून त्यांनी फाईल उघडली. बयाबाईही मुद्दाम येऊन आक्काशेजारी बसली होती. लेकीला आदल्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं होतं, आता तिची तब्येत चांगली होती.

“आमी काय बी दिलं न्हाय,” विश्वजित तिसऱ्यांदा म्हणाला. संयोगिता मान खाली घालून बसली होती.

“कुणीच काही दिलं नाही, तर एवढ्या आवाजात बाळ झोपलं कसं, ते मला कळायला पाहिजे,” इरावती म्हणाल्या. “नाही कळलं तर तसंच लिहावं लागेल. मग बाळाला बालकल्याण समितीपुढे न्यायचं आणि कुणाकडे ठेवायचं ते समिती ठरवणार.”

संयोगितानं लेकीला पदराखाली घेतलं. ते बघून बयाबाईचं तोंड आपोआप उघडलं.

“मी दिलतं, बाई. जायफळ. रोज एक वळसा देतो, त्या दिवशी तीन दिलं. ह्या पोरांस्नी काय बी ठावं न्हाय.”

आक्का तिच्याकडे बघतच राहिली. इरावतींनी पेन थांबवलं.

“किती वाजता दिलं, मावशी?”

“सकाळी सातला.”

“आणि हलगी?”

“चारला,” विश्वजित म्हणाला.

“मध्ये नऊ तास गेले. त्यात बाळ उठलं नाही?”

बयाबाई गोंधळली. एवढं मोठं पाप कबूल केलं आणि ही बाई घड्याळ बघत बसली आहे. तेवढ्यात संयोगिता रडायला लागली.

“उठलीती की. धाला उठली, प्याली, पर मलूल हुती. कॅमेरेवालं दोनदा म्हणालं, बाळ उठलं तर बाद. म्हणून मग दुपारी तीनला मीच परत उगाळलं. चार वळसं.” ती बयाबाईकडे वळली. “मला वाटलं, मावशी, तुमी सकाळी रोजच्यागत एकच वळसा दिलासा. तुमी शिकवलंतं तसंच उगाळलं मी. माझ्यानंच झालं म्हणून गप बसलोतो.”

बयाबाईला बेरजा येत नव्हत्या, पण ही आली. तीन आणि चार. आपण गप्प होतो आपल्या तीनसाठी, पोरगी गप्प होती तिच्या चारसाठी, आणि बाळाच्या पोटात सातही गेले होते. लोकांनी काय म्हटलं, नाव राहिलं की गेलं, यातलं काही तिच्या मनात उरलं नाही. ती लेक आज समोर पाय झाडत होती, हेच तिला नवल वाटलं आणि भीतीही वाटली.

इरावतींनी सगळं लिहून घेतलं. एवढ्याशा जिवाला जायफळ जास्त झालं तर ते जिवावर बेतू शकतं, हे त्यांनी न रागावता पण स्पष्ट सांगितलं. इथून पुढे घुटी बंद, दर आठवड्याला दवाखाना, आणि बाळ सध्या आईजवळच राहील. बाळ उठलं तर बाद हा खेळ लावणाऱ्यांनाही जाब द्यावा लागेल.

“मग चूक कुणाची लिवली?” विश्वजितनं विचारलं.

“जसं घडलं तसं लिहिलंय,” त्या म्हणाल्या.

बयाबाई उठली. उद्या या असं कुणी म्हटलं नाही, येऊ नका असंही नाही. आक्कानं नुसता चपलेकडे हात केला. चूक आपली की पोरीची की त्या हलगीची, हे तिला कोपऱ्यापर्यंत चालत गेली तरी उमगलं नाही. आणि कोपऱ्यावर तिला एकदम आठवलं, की संयोगितासारखं उगाळायला आपण अजून चार घरी शिकवलंय. आपली पाठ वळल्यावर तिथं किती उगाळलं जातं, हे कधी आपल्या मनातही आलं नाही.

जवळचं घर भैरवीचं होतं. दोन महिन्यांचा मुलगा. भैरवी शिवणयंत्रावर वाकली होती.

“मावशी, या येळंला?”

“बाळ कुठाय?”

“गाढ झोपलंय. ब्लाऊज द्यायचंत न्हवं संध्याकाळी, म्हणून आत्ताच घुटी दिली.”

“जायफळ किती वळसं?”

“मोजलं न्हाईत की,” भैरवी हसून म्हणाली. “तुमचं बघूनच करतो, अंदाजानं.”

झोपलेल्या लेकराला हात लावू नये म्हणून आयुष्यभर बाळंतिणींवर ओरडलेली बयाबाई सरळ पाळण्याशी गेली आणि तिनं पोर उचललं. तळव्यावर टिचकी मारली. पोर हललं नाही. दुसरी मारली. ओठ जरासे हलले. तिसरी जोरात मारली, तेव्हा त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ते भोकाड पसरून रडायला लागलं.

“अवो, कशापाय उठवलासा त्याला?” भैरवी वैतागून उठली. “द्या हिकडं.”

“रडू दे,” बयाबाई म्हणाली. “मला अजून तीन घरं हिंडायचीत.”

पण पोर काही ती खाली ठेवीना.