शवपेटी, खळ आणि भागू मेस्त्री

सरकारी गोदामाला वाळवी लागते ना, तसे किस्सेही लागतात हो! एक झटकावा, तर दुसरा तयार. साठ सालाच्या आसपास मी मालवणातल्या अशाच एका गोदामात टायपिस्ट होतो. कुण्या संस्थानिकाने हौसेने आणलेली इजिप्तची रंगवलेली लाकडी शवपेटी तिथे येऊन पडली. आत कोणी नव्हतं, नुसती पेटी. खाऱ्या हवेने रंगाचे पोपडे सुटायला लागले, म्हणून परदेशातून एक संशोधक आला. आम्ही त्याला गोरा साहेब म्हणायचो.

*

पेटी उचलायला शिपाई तयार होईनात. आमचे मोठे साहेब मुंबईचे. ते ओरडले, "अरे, तीन हजार वर्षांपूर्वी मेलाय तो!"

थोरला शिपाई म्हणाला, "मेलो खरो. पण तेचो बारावो कोणी केलो?"

शेवटी पेटी उचलली आणि सगळे तस्से समुद्रावर आंघोळीला गेले.

*

गोऱ्याने पोपड्यांना लावलेला विलायती गोंद आठ दिवसांत ओघळला. मग देवळांच्या पालख्या रंगवणाऱ्या म्हाताऱ्या भागू मेस्त्रीला बोलावलं. त्याने चिंचोके भाजून, वाटून, शिजवून खळ केली आणि पोपडा बसवला. बसला तो बसलाच!

"माप काय?" गोऱ्याने विचारलं. मी मराठी केलं.

"हाताक कळता."

गोऱ्याने त्याची मूठ तीनदा तराजूत ओतून घेतली! मग विचारलं, तुला काय देऊ?

"माका दुसरा काय नको. तुमच्या पुस्तकात माजा नाव येवंक होया."

गोऱ्याने त्याचा हात हातात घेऊन कबूल केलं.

*

झाकणावरच्या चेहऱ्याचा एक डोळा पुसला गेला होता. साहेब लोक जेवायला गेले तेवढ्यात मेस्त्रीने तो रंगवला. काय सुंदर डोळा! पण गोरा किंचाळला. जुन्यावर नवा रंग चढवणं हे त्यांच्यात पाप.

मेस्त्रीला कळेचना. "आंधळो देव भायर कसो सोडूचो?"

गोऱ्याने ओल्या कापसाने डोळा पुसला, तेव्हा मेस्त्री बाहेर जाऊन उभा राहिला.

*

पुस्तकात छापायचा अहवाल मी टाइप केला. मेस्त्रीचं नाव घातलं. मोठ्या साहेबांनी त्यावर लाल पेन्सिल मारली. "पेटी बिघडवणाऱ्याचं नाव छापायचं?"

गोरा समोरच बसला होता. हूं की चूं नाही! खळ मात्र राहिली, मापासकट. मी पान पुन्हा टाइप केलं. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, दुसरं काय! आजही स्वतःची चीड येते.

*

वर्षाने पुस्तक आलं. इंग्रजी. मेस्त्री आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला. हातात कुंकवाची पुडी.

"झिला, माजा नाव खंय आसा? बोट ठेव."

मी पानं उलटली. पुन्हा उलटली. तो वाट बघत उभा. शेवटी मी मोठ्या साहेबांच्या नावावर बोट ठेवलं.

मेस्त्रीने त्यावर कुंकू लावलं, हात जोडले.

"बरा ठळक छापल्यानी!" तो म्हणाला.