लग्नाच्या नेलपॉलिशची खूण

लग्नाला चार दिवस उरले होते आणि मी आमच्या जुन्या गाडीच्या टायमिंग बेल्टवर बोट फिरवत उभी होते. बेल्टला भेगा पडलेल्या, कडेनं दोरे लोंबत होते. चर्चपर्यंत कदाचित पोचलाही असता. पण वाटेत तुटला असता तर इंजिनाचं वाटोळं, आणि नवरी भर रस्त्यात.

वसईजवळच्या होळी गावात आमची केळीची वाडी. पप्पांनी सगळं आयुष्य तिथंच काढलं. ही सेकंडहँड गाडी त्यांनी हौसेनं घेतली, मीही चालवायला तिच्यावरच शिकले. मुलीला चर्चला आपल्याच गाडीतून न्यायचं, हे त्यांनी मनात पक्कं धरलेलं. मावशीनं मात्र भाड्याची मोठी गाडी सांगून ठेवली होती. त्यात आमचा मेकॅनिक गावाला गेलेला.

"राहू दे. भाड्याची चालेल," पप्पा म्हणाले. इतक्या हळू म्हणाले, की मला रागच आला.

मी तेव्हा वसई पूर्वेच्या एका कारखान्यात पंप जोडायचं काम करायचे. बेल्ट बदलणं म्हणजे काही चंद्रावर जाणं नव्हे! विरारहून नवा बेल्ट आणला, पप्पांची जुनी पँट चढवली आणि मांडवाच्या खांबाशेजारी इंजिन उघडलं.

"अगं, नवरी ना तू? नखं बघ ती!" मावशी ओरडली.

"नखांचं नंतर बघू. ती लाल नेलपॉलिश दे आधी."

लग्नासाठी आणलेल्या त्या बाटलीनं मी इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या चाकावर, आणि दोन्हींच्या समोर इंजिनावर, खुणा केल्या. दोन्ही चाकं खुणेला खूण लावून असतील तरच बेल्ट बरोबर बसतो. मी तो चढवला, ताणला आणि ऐटीत किल्लीकडे हात नेला.

"थांब," केळीला पाणी लावून आलेले पप्पा म्हणाले. "विहिरीच्या रहाटाला गाडग्यांची नवी माळ घातली की आम्ही लगेच बैल जुंपत नव्हतो. आधी हातानं दोन फेरे. नाहीतर गाडगी फुटायची."

"पप्पा, हा रहाट नाही."

"फिरव तर खरं."

तोंड वाकडं करून मी खालच्या चाकाला पाना लावला. दोन फेरे झाले. खालची खूण बरोबर जागेवर आली, वरची एक दात मागे राहिली. ताणताना चाक सरकलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

बेल्ट काढला, पुन्हा बसवला, पुन्हा दोन फेरे फिरवले. लालासमोर लाल! किल्ली मी पप्पांच्याच हातात दिली.

पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली. मी त्या मळक्या पँटमध्ये अंगणभर नाचले. भाड्याच्या गाडीवाल्याला मावशीनं स्वतःच नको म्हणून कळवलं, आणि मग दोन दिवस लिंबू घेऊन माझी नखं घासत बसली. काळं काही गेलं नाही.

रविवारी पप्पांनी कोट घालून गाडी चालवली. चर्चच्या दारात बँड थांबला होता, फादर थांबले होते, नवराही थांबला होता. मी झगा सावरून उतरायला निघाले तेव्हा लक्षात आलं, पप्पांनी गाडी बंदच केली नव्हती.

"सगळे खोळंबलेत, उतरा की," मागच्या सीटवरून मावशी म्हणाली.

"थांब जरा," पप्पा म्हणाले. "ऐकू दे."