बुजवलेली सिंहमुखे

सौसरच्या बाजारचौकातले ओतीव लोखंडाचे कारंजे दुरुस्तीला काढले. नागपूरहून आलेल्या कारागिराने रंगाचे थर खरवडले आणि तळाशी चार सिंहमुखे उघडी पडली. प्रत्येकाच्या जबड्यात सिमेंट ठासलेले होते.

"खालची तोंडं लोकाईनं पानी भरावं म्हनून हायेत, काकाजी," तो म्हणाला. "कोनं तरी मुद्दाम बुजवली."

माझे पित्त खवळले. सार्वजनिक पाणी अडवणे माझ्या लेखी गुन्हाच. माहितीच्या अधिकाराखाली मी नगरपालिकेकडे अर्ज केला: तोंडे कोणाच्या सांगण्यावरून बुजवली ते नाव द्यावे, आणि उद्घाटनाच्या दिवशी ते सर्वांसमक्ष वाचावे. उत्तराला उशीर झाला, म्हणून अपीलही ठोकले.

अखेर फाईल पाहण्यास बोलावणे आले. अभिलेख सांभाळणाऱ्या बाईंनी ती समोर ठेवली. "काकाजी, बसून वाचा."

पहिलाच कागद ओळखीचा निघाला. इथल्या सरकारी हिंदीत, समास सोडून, मुद्द्यांना क्रमांक देऊन मीच तरुणपणी लिहिलेला: शोभेच्या वास्तूवर बाया घागरी भरतात, चौकात चिखल होतो, सबब खालचा प्रवाह तात्काळ बंद करावा. खाली माझी सही, त्याखाली मंजुरीचा शेरा. आयुष्यभर माझ्या पत्रांना केराची टोपली मिळाली. नेमके हेच मानले गेले होते. आणि मी ते विसरलो होतो.

"माझी माय संत्र्याच्या तोडीवरून येताना इथंच पान्याचा गुंड भरे," बाई म्हणाल्या. "तोंडं बुजवल्यावर मंग हापशीवर जाय. तिथं जात पाहून तिले शेवटी उभी करत." मग त्यांनी विचारले, "अर्ज वापस घेऊन राहिले का?"

त्यांचा स्वर चढला असता, तर मी भांडलो असतो.

घरी येऊन अर्ज मागे घेण्याचे पत्र लिहिले. मायना उत्तम जमला, सही होईना. फाडून टाकले. उद्घाटनाला मात्र गेलो नाही.

संध्याकाळी शेजारी हसत आला. "काकाजी, पाहा नगरपालिकेचा कारभार! दोषी मानसाचं नाव वाचाचं, तं अर्जदाराचंच वाचून टाकलं. लोक पोट धरून हासले. एक खरमरीत पत्र लिहाच आता."

तो वाट पाहत उभा राहिला. दुसऱ्याच्या अर्जातला स्वल्पविरामही न सोडणारा मी. त्याची चूक दुरुस्त केली नाही.